गुडघ्याच्या उंचीवर

पहिल्यांदा तो शाळेतल्या सगळ्यांच्या नजरेत भरला तेव्हा तो चार पायांवर होता. मधली सुट्टी संपत आली होती. शिक्षकांच्या खोलीच्या खिडकीतून मागचं कुंपण दिसायचं. त्या कुंपणापाशी चाळिशी उलटलेला, टक्कल पडू लागलेला एक माणूस हातापायांवर रांगत एका झाडासमोरून डावीकडून उजवीकडे गेला. थांबून त्यानं बुंध्याकडे पाहिलं, मान हलवली आणि तसाच रांगत पुन्हा डावीकडे आला. चहाचा कप हातात धरून उभ्या असलेल्या चित्रकलेच्या बाई म्हणाल्या, "मुख्याध्यापकांना बोलवा कुणीतरी. या माणसाला काहीतरी झालंय."

झालं काहीच नव्हतं. शाळेच्या बागेतली रोपं रोज कुणीतरी मुळासकट उकरून ठेवत होतं. मुलं एकमेकांवर ढकलत होती, माळी मुलांवर ढकलत होता, म्हणून मुख्याध्यापकांनी वनखात्याच्या कार्यालयाला कळवलं होतं आणि कार्यालयानं हा माणूस पाठवला होता. जेवणाच्या डब्याएवढा, झाडाच्या सालीच्या रंगाचा एक कॅमेरा त्यानं बुंध्याला पट्ट्यानं आवळून बांधला होता. समोर उष्ण अंगाचं काही हललं की हा कॅमेरा आपला आपण फोटो काढतो. पण बांधला की काम झालं, असं नाही. तो नेमकं कुठपर्यंत पाहतो हे कळायला त्याच्यासमोरून जनावराच्या उंचीनं जाऊन बघावं लागतं. त्याच्यावरचा बारीक लाल दिवा लुकलुकला की समजायचं, आपण दिसलो.

"अहो, उभ्यानं चालून बघा की," मुख्याध्यापक म्हणाले. "मुलं हसतायत."

"साळिंदर उभ्यानं येत नाही, सर," तो गुडघे झटकत म्हणाला. "आणि हसू द्या मुलांना. रडली तर तुम्ही मला पुन्हा बोलावणार नाही."

साळिंदरच निघालं. पण त्याआधीच मुलांनी या माणसाचं बारसं उरकून टाकलं होतं: रांगोबा. ते नाव जीपच्या ड्रायव्हरनं कार्यालयात नेलं, कार्यालयातून ते घरी पोचलं, आणि घरी त्याची बायको चिडली की म्हणायची, "या, रांगोबा, या. दिवसभर झाडांपुढे गुडघे टेकता, एकदा माझ्यापुढेही टेका." तो हसायचा. नावाचा राग त्याला कधी आला नाही.

शहराच्या कडेला टेकडी होती आणि टेकडीमागे जंगल. त्या जंगलात कार्यालयाचे डझनभर कॅमेरे बांधलेले असत. कुठलं जनावर कुठून जातं, किती आहेत, पिल्लं झाली का, हे सगळं त्यांच्यावरून कळायचं. ठरलेल्या दिवशी रांगोबा पहाटे पायीच निघायचा, एकेका कॅमेऱ्याचे सेल बदलायचा, आतलं कार्ड काढून नवं घालायचा, समोर वाढलेलं गवत विळ्यानं कापायचा. गवत वाऱ्यानं हललं आणि त्यावर ऊन असलं तर कॅमेरा फसतो आणि शेकडो रिकामे फोटो काढून बसतो. मग प्रत्येकासमोरून एकदा रांगायचं आणि पुढे जायचं. दुपारी कार्यालयात येऊन संगणकापुढे बसायचं आणि कार्डं बघायची. हरीण असेल तर हरणाच्या खात्यात, रानमांजर असेल तर रानमांजराच्या.

माणूस असेल तर पुसून टाकायचा. हा नियम कार्यालयातल्या मोठ्या बाईंचा. त्याला कारणही तसंच घडलं होतं. ड्रायव्हरनं एकदा एका फोटोतल्या नुसत्या बुटांवरून बेकरीवाल्याला ओळखलं होतं आणि शेजारच्या नाजूक सँडलवरून आणखी कुणाला तरी. पुढचे कितीतरी दिवस शहरात दुसरा विषय नव्हता. तेव्हा बाईंनी सगळ्यांना समोर उभं करून सांगितलं, "माणूस दिसला की त्याच्याकडे बघत बसायचं नाही. तो जंगलात कशाला आला, कुणाबरोबर आला, हे बघायला आपल्याला पगार मिळत नाही. दिसला की पुसायचा."

तसंही गुडघ्याच्या उंचीवरून माणूस म्हणजे काय, तर दोन पाय. त्यातले बहुतेक रांगोबाचे स्वतःचेच असायचे. जाताना, येताना, आणि मधे हात टेकून रांगताना. त्याच्या बोटाला सवय झाली होती. पाय दिसले की डोळ्याआधी बोट चालायचं.

घरात तीन माणसं. तो, बायको आणि ताई. ताई त्याची मोठी बहीण. आईवडील पाठोपाठ गेले तेव्हा तो नुकता पाळण्यातून उतरला होता आणि ताई शर्टांच्या कारखान्यात बटणं लावायला जात होती. तिनंच त्याला वाढवलं. लग्नाचं कुणी काढलं की म्हणायची, "एक पोर पदरात आहे, आता आणखी नवरा कशाला वाढवायला घेऊ?" विचारणारा हसायचा आणि विषय संपायचा.

आता ताईचं डोकं रिकामं होत चाललं होतं. आधी भाजीत मीठ दोनदा पडू लागलं, मग पडेनासंच झालं. मग दिवस गेले, वार गेले, शेजाऱ्यांची नावं गेली. एकच गोष्ट काही केल्या जात नव्हती: भाऊ नजरेआड होता कामा नये. तो बाथरूममध्ये गेला की ही दाराबाहेर स्टूल टाकून बसायची. तो कचरा टाकायला निघाला की ही चपला शोधायची. "ताई, मी इथेच आहे गं," तो म्हणायचा, आणि ती म्हणायची, "सगळे असंच म्हणतात."

दुसरी गोष्ट भीतीची. अनोळखी आवाज आला की ती कपाटामागे जाऊन उभी राहायची, तोंडावर हात दाबून. कुणी तिला हाक मारली तर आणखी आत सरकायची. गॅसवाला आला, शेजारीण आली, तरी हेच. बायको हसत म्हणायची, "वन्सं लपाछपीत पहिल्या नंबरानं पास होतील." मग ती हलक्या हातानं त्यांना बाहेर काढायची. तीही तिच्या परीनं ताईंना जपतच होती.

म्हणून कॅमेऱ्यांच्या दिवशी रांगोबा पहाटे बूट हातात घेऊन चोरासारखा घराबाहेर पडायचा. त्या पहाटेही तो तसाच निघाला. बायको आत आंघोळीला गेली होती. जागी आहे, लावून घेईल आतून कडी, असं समजून त्यानं दार नुसतं ओढून घेतलं. बायको बाहेर आली, दार बंद दिसलं. नेहमीप्रमाणे बाहेरून कुलूप लावून गेले असतील, असं तिला वाटलं. ताईंच्या खोलीत अंधार होता. झोपल्यात तर झोपू देत, म्हणून तिनं आवाजही केला नाही.

दुपारी तो कार्यालयात संगणकापुढे बसला होता. एका कार्डावर जनावर असं काही नव्हतंच, नुसते पाय. त्यानं ते सगळे एका दमात पुसले, कार्ड कोरं करून पुढच्या फेरीच्या डब्यात टाकलं आणि ड्रायव्हरला चहा सांगणार, तेवढ्यात दारात बायको दिसली. पायात घरातल्याच चपला, केस न विंचरलेले.

"वन्सं तुमच्याबरोबर आहेत ना?" ती म्हणाली. तिचा चेहरा मात्र उत्तर आधीच कळल्यासारखा झाला होता.

"माझ्याबरोबर? जंगलात?"

"मग कुठे आहेत?"

त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी शहर पालथं घातलं. बस स्थानक, दवाखाने, शर्टांच्या जुन्या कारखान्याची बंद इमारत, नदीचा घाट. ड्रायव्हरनं जीप गल्लीगल्लीतून फिरवली. पोलीस चौकीत तक्रार गेली. संध्याकाळी दोघं घरी आली की तेच तेच.

"तुला उठल्यावर दार बघता आलं नाही?"

"आणि तुम्हाला कुलूप लावता आलं नाही? आजवर रोज लावत होता ना?"

मग दोघंही ताईच्या रिकाम्या खोलीकडे बघत बसायची. दोष कुणाचा हे ठरून काय होणार होतं? पण माणसाला बुडताना काहीतरी धरायला लागतं.

दुसऱ्या संध्याकाळी हवालदार घरी आला. चांगला माणूस होता, वयस्क, खुर्चीच्या टोकाशी बसून विचारणारा. "अंगात काय होतं त्यांच्या?"

"राखाडी स्वेटर, यांचाच जुना," बायको म्हणाली. "पुढे बटणं असलेला. पायात घरातल्या तपकिरी चपला. आणि मोजा."

"मोजे."

"मोजा. एकाच पायात. दुसरा त्या घालूच द्यायच्या नाहीत. टोचतो म्हणायच्या."

रांगोबा खिडकीशी उभा होता. तो झटकन वळला.

"काय झालं?" हवालदारानं विचारलं.

"मी पुसलं तिला," तो म्हणाला.

हवालदार बायकोकडे बघू लागला. त्याला वाटलं, माणसाचा तोल गेला. पण रांगोबाच्या डोळ्यांपुढे तो फोटो आता चौकटीत लावल्यासारखा स्पष्ट होता. जंगलाच्या तोंडाशी वाट दुभंगते, तिथला पहिला कॅमेरा. त्या एकाच कॅमेऱ्यासमोरून तो सकाळी वर जातो आणि परत येतानाही येतो, आणि कार्ड परतीच्या वेळी काढतो. कार्डावर आधी त्याचे बूट, वर जाताना. शेवटी त्याचेच बूट, खाली येताना. आणि मधे, लगोलग, तपकिरी चपलांतले दोन पाय. एकात मोजा, एकात नाही. बोटानं ते बुटांबरोबरच पुसून टाकले होते.

ती हरवली नव्हती. ती त्याच्या मागून आली होती. तो डावीकडे ओढ्याच्या वाटेला लागला आणि ती उजवीकडे गेली असणार, नाहीतर परतताना भेटली असती. एवढंच.

तिसऱ्या दिवशी सकाळी शोधपथक जंगलात शिरलं. वीस-पंचवीस माणसं, हातात काठ्या, तोंडात शिट्ट्या. उजव्या वाटेनं वर चढल्यावर काटेरी जाळीला सुरुवात होते, तिथे एक तपकिरी चप्पल सापडली. सगळ्यांना हुरूप आला. डोंगरभर हाका घुमू लागल्या. "आजीऽऽ! ओ आजीऽऽ!" शिट्ट्या वाजत होत्या, काठ्या झुडपांवर आपटत होत्या.

रांगोबा ती चप्पल हातात घेऊन उभा होता. प्रत्येक हाकेसरशी त्याला कपाटामागे तोंडावर हात दाबून उभी राहिलेली ताई दिसत होती. आवाज जवळ आला की ती आत सरकते. इतके आवाज, इतके अनोळखी पुरुष. ही माणसं तिला शोधत नव्हती, तिला आणखी आत ढकलत होती.

तो पथकाच्या प्रमुखाकडे गेला. "हाका थांबवा, साहेब."

"काय?"

"ती ओ देणार नाही. ती लपेल. तुम्ही पायाशी येऊन उभे राहिलात तरी श्वाससुद्धा घेणार नाही."

"अहो, हाका मारल्याशिवाय जंगलात माणूस सापडतो का कुठे?"

"ही अशी नाही सापडणार. मला एक दिवस द्या. सगळ्यांना खाली न्या. मी कॅमेरे लावतो. ते हाक न मारता बघतात."

प्रमुख तापट नव्हता, आणि त्याचंही चूक नव्हतं. "म्हातारी बाई, पोटात अन्न नाही, रात्री गारठा. तुम्हाला एक दिवस म्हणजे काय वाटतो? या एका दिवसात काही बरंवाईट झालं तर कुणाच्या डोक्यावर?"

"माझ्या," रांगोबा म्हणाला. दुसरं काय म्हणणार होता?

मोठ्या बाई तिथेच होत्या. जंगलातले सगळे कॅमेरे काढायचे म्हणजे त्या हंगामाची गणती पाण्यात. तरी त्या म्हणाल्या, "सगळे काढ. जनावरं पुढच्या वर्षीही असतील." मग प्रमुखाकडे वळून म्हणाल्या, "उद्या दिवसभर. परवा सकाळी तुमची माणसं आणा."

तो आणि ड्रायव्हर दुपारपासून कामाला लागले. ओढ्याकाठचे, डबक्यावरचे, वरच्या माळावरचे सगळे कॅमेरे काढून त्यांनी काटेरी जाळीच्या भोवती आणले. रांगोबा पट्टा आवळताना नेहमीसारखा खाली बसला नाही. त्यानं कॅमेरा आपल्या छातीशी धरला आणि तिथेच, त्या उंचीला, बुंध्यावर टेकवला.

"एवढा वर?" ड्रायव्हरनं विचारलं.

"आता पाय नकोत मला," रांगोबा म्हणाला. "तोंड दिसलं पाहिजे."

मग तो कॅमेऱ्यासमोरून चालत गेला, ताठ, माणसासारखा. लाल दिवा लुकलुकला. ड्रायव्हर पुटपुटला, "रांगोबा उभा राहिला." त्याला ते गमतीनं म्हणायचं होतं, पण गंमत साधली नाही. दोघं पुढच्या झाडाकडे गेले.

चौथा दिवस त्यांनी टेकडीच्या पायथ्याशी जीपमध्ये काढला. जंगल शांत होतं. इतकं शांत, की रांगोबाला वाटलं, आता तरी ती बाहेर येईल, वाट बघेल, चालू लागेल. दुपारी तो एकटाच पाय न वाजवता वर गेला आणि कार्डं घेऊन आला. छोट्या पडद्यावर एकेक फोटो सरकू लागला. उन्हात हललेलं पान. उडत गेलेला पक्षी. पान. हरणाच्या शिंगांची टोकं, खाली हरीण नाही. पान, पान, पान. संध्याकाळी पुन्हा तेच. ज्या कॅमेऱ्यांवर त्यानं आयुष्य काढलं, ते त्याला शेकडो वेळा सांगत होते की इथे कुणी नाही.

घरी बायकोनं ताट वाढलं. त्यानं हातही लावला नाही.

"त्या कॅमेऱ्याला ऊब लागते," तो भिंतीकडे बघत म्हणाला. "समोरून गेलेल्याच्या अंगात ऊब असेल तरच तो टिपतो."

"असं अभद्र बोलू नका."

"अभद्र नाही. तो तसाच चालतो. नाही टिपलं, याचा अर्थ..."

"याचा अर्थ तो बघत असेल तिथे वन्सं नाहीत," बायको म्हणाली. "कुठे लावलेत? मला सांगा. किती वर, किती खाली?"

त्यानं हात छातीशी आडवा धरून दाखवला.

बायको त्या हाताकडे बघत राहिली. "आणि वन्सं एवढ्या उंच असतील का हो आता?"

"म्हणजे?"

"चप्पल एकच सापडली. चार दिवस पोटात काही नाही. पाय धड असता तर त्या वाटेवर आल्या असत्या, तुम्हाला शोधत. उभं राहवत असेल का त्यांना?"

त्यानं हात खाली घेतला. खाली, आणखी खाली, गुडघ्यापाशी आणला आणि तिथेच थांबवला. जगातल्या कुठल्याही कॅमेरेवाल्यानं केली नसती ती चूक त्यानं केली होती. माणूस शोधायचा म्हणून माणसाच्या उंचीला लावला. एक दिवस मागून घेतला होता, पथकाशी भांडून, आणि तो दिवसभर कॅमेरे तिच्या डोक्यावरून बघत होते. तो मोठ्यानं रडला. ताईची खोली समोर होती म्हणून असेल, पण बायकोनं उठून आधी त्या खोलीचं दार लोटलं आणि मग त्याच्या पाठीवर हात ठेवला.

पाचव्या दिवशी उजाडता उजाडता तो वर होता. पथक यायच्या आत सगळे कॅमेरे खाली घ्यायचे होते. ड्रायव्हर पट्टे सोडत होता आणि हा गुडघ्याच्या उंचीला बांधत होता. पहिला बांधून झाला आणि तो त्याच्यासमोर हातापायांवर आला. रांगू लागला, आणि रांगता रांगता थबकला.

उभ्यानं बघितलं तर ती जाळी म्हणजे भिंत होती, मांजरही शिरणार नाही अशी. पण या उंचीवरून तिच्या पोटात वाटा दिसत होत्या. रानडुकरांनी घासून घासून केलेले बोगदे, वर काटे आणि खाली झाडल्यासारखी साफ जमीन. पंचवीस माणसं या जाळीच्या कडेनं काठ्या आपटत गेली होती आणि एकालाही ते दिसले नव्हते. त्यालाही दिसले नव्हते. त्यालाच दिसायला हवे होते.

"सगळे इकडे आण," तो ड्रायव्हरला म्हणाला. "एकेका तोंडाशी एकेक."

पथक आलं तेव्हा ऊन वर चढलं होतं. प्रमुख जवळ आला, पण या वेळी हळू आवाजात बोलला. "दिवस संपला तुमचा."

"फक्त ही कार्डं बघू द्या. एवढीच."

प्रमुखानं हात करून माणसांना मागे थांबवलं. ड्रायव्हर जमिनीवर मांडी घालून बसला आणि एकेक कार्ड पडद्याला लावू लागला. उंदीर. ससा. काहीच नाही. काहीच नाही. मग एक राखाडी पाठ, अंधुक, बोगद्याच्या तोंडातून अर्धी बाहेर, खाली झुकलेली.

"डुक्कर," ड्रायव्हर म्हणाला आणि पुढचा फोटो लावायला गेला.

रांगोबानं त्याचं मनगट धरलं. "थांब. डुकराच्या पोटाखाली बटणं लोंबत नाहीत."

कोपऱ्यातली वेळ त्याच सकाळची होती, त्यांनी कॅमेरा बांधून पाठ वळवली त्यानंतरची. म्हणजे तो बांधत होता तेव्हा ती आतून त्याचे पाय बघत असणार, आणि अंगात ऊब होती.

त्यानं बूट काढले आणि तो बोगद्यात शिरला. हाक मारली नाही. मागून कुणी येऊ नये म्हणून फक्त हात हलवला. काटे पाठीवर ओढत होते, खाली ओला वास होता. आत, बरंच आत, दोन मुळांच्या बेचक्यात ताई पडून होती. एक पाय घोट्यापासून काळा-निळा, फुगून मडक्याएवढा झालेला. ओठ फुटलेले. आणि एक हात तोंडावर घट्ट दाबलेला.

तो तिच्यापासून थोडा लांबच आडवा झाला.

मग तिनं हात थोडा बाजूला केला. "गेले का ते सगळे?" आवाज असा नव्हताच, नुसते ओठ हलले.

"गेले," तो म्हणाला.

"खूप ओरडतात."

"हो ना. मी सांगितलं त्यांना."

त्यानं कमरेच्या बाटलीतल्या पाण्यात रुमाल भिजवून तिच्या ओठांवर धरला. ती तो लहान पोरासारखा चोखत राहिली. मग त्याच्याकडे नीट बघून म्हणाली, "तुमचे गुडघे फाटलेत. घरी कुणी शिवून देत नाही का?"

त्याला तिनं ओळखलं नव्हतं. तो म्हणाला, "देते की. चला, तुम्हाला दाखवतो."

पथकानं जाळी कापत कापत वाट केली, पण एकही जण मोठ्यानं बोलला नाही. प्रमुखानं स्वतः स्ट्रेचरचं एक टोक धरलं होतं.

ताई वाचली. पाय वाचला नाही. घोट्याचं हाड मोडलं होतं आणि जखमेत विष भिनलं होतं. कापावा लागला. दवाखान्यातला तरुण डॉक्टर कागद भरता भरता सहज बोलून गेला, "एक दिवस आधी आणलं असतं तर कदाचित..." आणि मग समोरच्या माणसाचा चेहरा बघून त्यानं वाक्य अर्धंच सोडलं. पण अर्धं वाक्य पुरेसं होतं. बायको पुढे लोकांना सांगायची, "ते काही यांच्यामुळे नाही. जाळीत पहिल्याच दिवशी मोडला असणार." रांगोबा जवळ असला तर तो त्या वेळी दुसऱ्या खोलीत निघून जायचा.

मोठ्या बाईंनी त्याला कॅमेऱ्यांवरच राहा म्हणून पुष्कळ सांगितलं. एकदा ड्रायव्हरही घरी येऊन बसला. "अरे, तुझ्याशिवाय दुसऱ्या कुणाला रांगताना बघवत नाही रे," तो म्हणाला. "नवा पोरगा गुडघ्याला उशी बांधून रांगतो." रांगोबा हसला, चहा दिला, पण गेला नाही. त्यानं कार्यालयाच्या रोपवाटिकेत बदली मागून घेतली. ती घरापासून दोन गल्ल्यांवर आहे. पगार थोडा कमी आहे, काम पाण्याचं आणि मातीचं.

ताई आता चाकाच्या खुर्चीत असते. ती त्याला ओळखत नाही, तरी तो उठून गेला की मान वळवून बघते. म्हणून सकाळी निघताना तो तिलाही बरोबर नेतो. फाटकाच्या आत, पाण्याच्या टाकीच्या सावलीत तिची खुर्ची उभी असते. मांडीवर रोपांच्या रिकाम्या पिशव्यांचा गठ्ठा असतो. ती एकेक पिशवी उलगडते, हातानं सपाट करते आणि बाजूला ठेवते, आणि तो तिच्यासमोरच रोपं लावत असतो.